गुप्तांगाच्या त्वचेला खाज, आग किंवा पुरळ आलं तर घरी किती थांबायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं

खाली खाज सुटलीय, आग होतेय, लाल झालंय आणि कुणाला सांगायचं तेच कळत नाहीये, अशा वेळी बहुतेक जण आधी मोबाईलवर फोटो बघत बसतात आणि अर्ध्या तासात एक तर घाबरून जातात नाहीतर घामाने झालं असेल म्हणून विषय सोडून देतात. फोटोवरून रोग ओळखायच्या मागे लागू नका, या भागात सोरायसिस, फंगल, ॲलर्जी हे सगळं एकमेकांसारखं दिसतं आणि अनुभवी डॉक्टरनाही कधीकधी टेस्ट केल्याशिवाय सांगता येत नाही. तुम्हाला एवढंच ठरवायचंय की आत्ता निघायचं, दोन-तीन दिवसांत अपॉइंटमेंट घ्यायची, की घरी काळजी घेत आठवडाभर वाट बघायची. हे ठरवताना लाज मधे येऊ द्यायची नाही, कारण लाजेपायी गेलेले दिवस त्वचेला महागात पडतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथली त्वचा पातळ असते, ओलसर असते, सतत घासली जाते, आणि बाहेरून लावलेलं औषध इथून फार पटकन आत शिरतं. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाताच्या तुलनेत अंडकोषाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड औषध सुमारे ४२ पट जास्त शोषलं गेलं होतं. म्हणजे हातावर चालून गेलेलं क्रीम इथे चालेलच असं नाही, आणि कपाटात पडलेली जुनी ट्यूब उचलून लावायच्या आधी हा आकडा आठवा.

सगळ्यात आधी: आज, आत्ता निघायला लागेल असं काही आहे का

हे दुर्मिळ आहे, पण याच्यात तास मोजले जातात म्हणून पहिल्यांदा हेच बघायचं.

दुखणं दिसतंय त्याच्या मानाने प्रचंड आहे, लाली आणि सूज तासातासाला पसरतेय, त्वचा जांभळी-काळी पडतेय, घाण वास येतोय, ताप आहे, थंडी वाजतेय, तर सरळ इमर्जन्सी गाठा. त्वचेखालचे थर सडत जाणारं एक इन्फेक्शन असतं, फोर्नियर गँगरीन म्हणतात त्याला, त्याला ऑपरेशन आणि शिरेतून अँटिबायोटिक लागतं आणि सकाळपर्यंत थांबून चालत नाही. शुगर असलेल्यांना, दारू जास्त असलेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना याचा धोका जास्त. डायबेटिसच्या काही गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्या घेणाऱ्यांना साधं फंगल इन्फेक्शन बऱ्यापैकी वेळा होतं आणि हे गँगरीन फार क्वचित, पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याबद्दल इशारा दिला होता. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरला ही गोळी चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

पुरुषांमध्ये पुढची कातडी मागे सरकवली आणि आता ती पुढे येत नाहीये, टोक सुजलंय, तर हीसुद्धा इमर्जन्सी आहे, कारण कातडीच्या त्या आवळलेल्या कड्यामुळे रक्तपुरवठा अडतो. वृषणात अचानक जोरात दुखायला लागलं तर तो त्वचेचा प्रश्नच नसतो, आत पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण ६ तासांच्या आत सोडवला तर वृषण वाचायची शक्यता सगळ्यात जास्त असते. मुलं हे दुखणं लाजेने लपवतात, पोटात दुखतंय म्हणतात, म्हणून पालकांनी स्पष्ट विचारायचं.

लघवी अडकलीय, होतच नाहीये, तर तेव्हाही लगेच. हर्पीसचा (फोड आणणाऱ्या एका व्हायरसचा) पहिला झटका जोराचा आला की कधीकधी असं होतं.

नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत गुप्तांगाबरोबर तोंडात, ओठांवर, डोळ्यांतही फोड किंवा सोलवटल्यासारखं झालं, सोबत ताप आला, तर औषधाची गंभीर रिॲक्शन असू शकते, औषधाची पाकिटं बरोबर घेऊनच निघा. कंडोम किंवा आणखी काही वापरल्यावर ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर ती तीव्र ॲलर्जी, ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि केस काढायच्या क्रीमने किंवा आणखी कुठल्या केमिकलने भाजलं असेल तर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, मग बाकीचं.

जबरदस्ती झाली असेल तर अंगावर काही दिसो न दिसो, लगेच हॉस्पिटलमध्ये जा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी बरी, गर्भधारणा टाळायची गोळी साधारण ५ दिवसांपर्यंत देता येते. शक्य असेल तर आंघोळ आणि कपडे धुणं नंतर, पण आंघोळ झाली असेल तरी जायचंच.

दुसरं: आरशात नीट बघा

विचित्र वाटेल पण हे करायलाच हवं. हात धुवा, चांगला उजेड घ्या, छोटा आरसा घ्या. बायकांना स्वतःचा हा भाग वरून दिसतच नाही आणि त्यामुळे नेहमी कसं दिसतं हेच माहीत नसतं, मग आज दिसणारी प्रत्येक गोष्ट नवीन वाटते. बघायचं काय, तर नुसतं लाल आहे की चट्टा आहे, कडा स्पष्ट आहे का, फोड आहेत का, कातडी फाटलीय का, जखम आहे का, पांढरट चकचकीत डाग आहेत का, जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) आलंय का. जांघा, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग, गुदाजवळ, बोटांच्या बेचक्यात, तोंडात पण बघा, कारण उत्तर पुष्कळदा दुसरीकडेच सापडतं. हवं असेल तर फोटो काढून ठेवा, लॉक करून, कारण डॉक्टरकडे पोचेपर्यंत पुरळ बदललेलं असतं आणि फोटोचा खरंच उपयोग होतो.

लघवी करताना आग होते म्हणणाऱ्यांनी एक फरक बघायचा. लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर चुरचुरतं का, तर मग त्वचा सोलवटलेली असायची शक्यता. आतून जळतं आणि सारखं जावंसं वाटतं, तर लघवीचं इन्फेक्शन असू शकतं. दोन्हीची औषधं वेगळी.

काही गोष्टी मात्र नॉर्मल आहेत आणि त्यांच्यामुळे उगाच रात्रीची झोप उडते. लिंगाच्या टोकाच्या कडेने एका ओळीत बारीक मोत्यासारखे दाणे असतात, कित्येक पुरुषांना असतात, तो रोग नाही आणि संसर्गही नाही. पिवळसर-पांढरे टाचणीएवढे ठिपके, ते तेलग्रंथींचे. बायकांमध्ये योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सारखे, मऊ, बारीक कोंब असतात, त्यांना मस्से समजून जाळायला जाऊ नका. नवीन आले असतील, वाढत असतील, फुलकोबीसारखे खडबडीत झाले असतील तर मात्र दाखवायचं, ते एचपीव्ही नावाच्या व्हायरसचे मस्से असू शकतात.

दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडे, यात घरगुती प्रयोग नाही

पाण्याचे बारीक फोड घोळक्याने आलेत, आधी मुंग्या आल्यासारखं किंवा चरचरलं होतं, मग फुटून दुखणाऱ्या जखमा झाल्यात, तर हर्पीसचा विचार करावा लागतो. संपर्कानंतर साधारण २ ते १२ दिवसांत येतो पण पहिला त्रास कित्येक वर्षांनीही होऊ शकतो, त्यामुळे घरात लगेच कुणावर आरोप करायची घाई नको. यात लवकर गेल्याचे दोन फायदे आहेत. व्हायरसविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात चांगलं काम करतात, आणि ताज्या फोडातून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यात, म्हणजे स्वॅबमध्ये, नक्की कळायची शक्यता जास्त असते, खपली धरल्यावर ते सापडणं अवघड होतं.

जखम आहे पण दुखत नाहीये, हे मला सगळ्यात जास्त ठासून सांगायचंय. लोक दुखलं की जातात आणि नाही दुखलं की थांबतात, आणि इथे नेमकं उलटं करायला हवं. सिफिलिस या लैंगिक आजाराची पहिली जखम बहुतेक वेळा दुखतच नाही, संपर्कानंतर साधारण ३ आठवड्यांनी येते, १० पासून ९० दिवसांपर्यंत कधीही, आणि काही न करता ३ ते ६ आठवड्यांत भरून निघते. जखम गेली म्हणून माणूस निर्धास्त होतो पण जंतू शरीरात तसाच असतो, पुढे अंगावर, तळहातांवर पुरळ येतं आणि उपचार न झाल्यास कित्येक वर्षांनीही मेंदू, डोळे, हृदयापर्यंत जाऊ शकतो. रक्ताची टेस्ट आणि लवकर सापडलं तर पेनिसिलिनचं इंजेक्शन, एवढ्याने सुटणारी गोष्ट आहे. म्हणून गुप्तांगावरची कुठलीही जखम, दुखरी किंवा न दुखरी, तपासायचीच.

लिंगातून पू किंवा स्राव येतोय, नवीन जोडीदाराशी संबंध आल्यावर त्रास सुरू झालाय, जोडीदाराला काहीतरी निघालंय, अंगावरून हिरवट-पिवळं फेसाळ जातंय, पाळी नसताना रक्त जातंय, ओटीपोटात दुखून ताप येतोय, तरीही वाट बघायची नाही. ओटीपोटात दुखणं आणि ताप हे एकत्र असेल तर त्याच दिवशी जा, कारण इन्फेक्शन गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत गेलेलं असू शकतं.

गरोदर असाल तर कुठलाही त्रास आधी डॉक्टरला सांगायचा, अगदी साधी खाजसुद्धा. गरोदरपणात फंगलची तोंडाने घ्यायची गोळी सहसा टाळतात आणि आत ठेवायचं किंवा लावायचं औषध देतात. शेवटच्या तीन महिन्यांत हर्पीस पहिल्यांदाच झाला तर बाळाला जन्माच्या वेळी गंभीर लागण होऊ शकते, डिलिव्हरी कशी करायची हे त्यावरून ठरतं, म्हणून लपवू नका.

शुगर, केमो, ट्रान्सप्लांटची औषधं, एचआयव्ही, रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यातलं काही असेल तर 'आठवडाभर बघू' हा नियम तुम्हाला लागू नाही.

वरचं काहीच नसेल तर घरी काय करायचं

नुसती खाज, हलकी आग, थोडी लाली, ताप नाही, जखम नाही, फोड नाहीत, अशा वेळी कारण बहुतेक साधं असतं, त्वचेला काहीतरी झोंबलेलं असतं. म्हणून पहिलं काम लावायचं नाही, थांबवायचं आहे. सुगंधी साबण, इंटिमेट वॉश, ओले वाइप्स, डिओ, पावडर, सुगंधी पॅड, पँटीलायनर, रंगीत टिश्यू, बबल बाथ, अँटिसेप्टिक लिक्विड, सगळं बंद. एकेक करून नाही, सगळं एकदम बंद करा आणि बरं वाटल्यावर एकेक परत सुरू करून बघा, म्हणजे गुन्हेगार सापडतो. ॲलर्जीमधे एक चकवा असतो, वस्तू लागल्यावर पुरळ लगेच येत नाही, एक-दोन, कधी तीन दिवसांनी येतं, आणि वर्षानुवर्षं वापरलेल्या गोष्टीचीही ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते, म्हणून 'मी तर हेच नेहमी वापरते' या वाक्याला इथे काही अर्थ नाही.

धुवायचं कसं, तर कोमट साध्या पाण्याने, दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बोटांनी, स्क्रब किंवा घासणी नाही. बायकांनी योनीच्या आत पाणी मारायचं नाही, आत साबण घालायचा नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही, लसूण नाही. पाळी चालू असण्याच्या वयात योनीचा पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास असतो, चांगले जंतूच तो आंबट ठेवतात आणि त्यानेच बाकीचे जंतू दबून राहतात, आत धुतलं की हाच बंदोबस्त मोडतो. स्वच्छतेच्या नावाखाली लोक इथे जे घासतात ना, त्यानेच निम्मा त्रास वाढतो असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुषांनी कातडी सहज मागे जात असेल तर मागे करून पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि आठवणीने परत पुढे आणायची.

मग टिपून कोरडं करा, घासून नाही. सैल सुती अंतर्वस्त्र, व्यायामानंतर घामट कपडे लगेच बदलणं, रात्री शक्य असेल तर अंतर्वस्त्राशिवाय झोपणं. कपडे धुताना डिटर्जंट कमी आणि एकदा जास्त खळबळणं, सॉफ्टनर नाही. जास्त चुरचुरत असेल तर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, सुगंध नसलेली. खाजेने जीव जात असेल तर कापडात गुंडाळलेलं थंड पॅक पाच-दहा मिनिटं. नखं कापा, कारण झोपेत खाजवलं जातंच, आणि खाजवल्याने कातडी जाड होते, जाड झालेली कातडी आणखी खाजते, हे चक्र महिनोन्महिने चालू शकतं. शेव्हिंग, वॅक्सिंग बरं होईपर्यंत नाही, केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या बऱ्याचदा त्यामुळेच असतात आणि त्या फोडायच्या नाहीत. बरं होईपर्यंत संबंधही टाळा. पेट्रोलियम जेली, तेल आणि योनीत लावायच्या काही फंगलच्या क्रीम लॅटेक्सच्या कंडोमला कमकुवत करतात हे पुष्कळांना माहीत नसतं.

किती दिवस वाट बघायची

दोन-तीन दिवसांत फरक पडायला लागला पाहिजे आणि आठवड्यात बऱ्यापैकी गेलं पाहिजे. आठवडा झाला आणि तसंच आहे, तर डॉक्टर. मधेच वाढलं, फोड आले, पू आला, ताप आला, झोप मोडायला लागली, तर आठवडा पुरा व्हायची वाट बघू नका. गेलं आणि परत आलं, दोन महिन्यांच्या आत आलं, वर्षातून तीन-चार वेळा येतंय, तर डॉक्टर आणि सोबत शुगरची टेस्ट, कारण काही लोकांना डायबेटिस आहे हे पहिल्यांदा याच खाजेवरून कळतं.

आणि एखादा चट्टा, गाठ, बदललेला तीळ, न भरणारी जखम दोन-तीन आठवड्यांहून जास्त तशीच असेल, खाज नसली तरी, तर दाखवाच. कॅन्सर इथे कमी वेळा होतो, पण होतो, आणि सुरुवातीला तो साध्या चट्ट्यासारखाच दिसतो, एक छोटा तुकडा काढून तपासला की शंका मिटते.

क्रीमच्या बाबतीत हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

मेडिकलमधून 'खाजेचं काहीतरी द्या' म्हणून आणलेल्या ट्यूबमधे पुष्कळदा तीन गोष्टी एकत्र असतात, फंगलचं औषध, अँटिबायोटिक आणि एक जबरदस्त स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज आणि लाली गायब होते आणि माणूस म्हणतो काय मस्त औषध आहे. खाली गजकर्णाची बुरशी आरामात पसरत असते, क्रीम थांबवलं की दुप्पट जोराने येते, कडा पुसट झालेली असते आणि मग डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. महिनोन्महिने लावलं की जांघेतली कातडी पातळ होते, स्ट्रेच मार्कसारख्या जांभळट रेषा पडतात, त्या कायमच्या राहतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर स्वतःच्या मनाने लावू नका.

यातच दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर लोक उलट्या टोकाला जातात. लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असतो, त्यात पांढरट, चकचकीत, कागदासारखी चुरगळलेली कातडी होते, भयंकर खाज येते, बायकांमध्ये पाळी गेल्यावर आणि लहान मुलींमध्येही होतो, पुरुषांमध्ये पुढची कातडी घट्ट होत जाते. याला तज्ञ डॉक्टर तेच कडक स्टेरॉइड मलम देतात, मोजून, ठरलेल्या दिवसांसाठी, आणि तेच योग्य औषध आहे. उपचार केला नाही तर त्या भागाचा आकार बदलतो, योनीचं किंवा लघवीचं तोंड अरुंद होतं आणि थोड्या लोकांमध्ये पुढे कॅन्सरचा धोका असतो. म्हणजे डॉक्टरने तपासून दिलं असेल तर स्टेरॉइड आहे म्हणून घाबरून बंद करू नका.

फंगलसाठी क्लोट्रिमाझोलसारखं साधं, स्टेरॉइड नसलेलं औषध मिळतं, आधी डॉक्टरने तपासून कॅन्डिडा (योनीत वाढणारी एक बुरशी) सांगितलेला असेल आणि या वेळी अगदी तशीच दह्यासारखी घट्ट पांढरी गोष्ट जात असेल, खाज असेल, वास नसेल, तर ते वापरून बघायला हरकत नाही. पहिल्यांदाच होत असेल तर आधी तपासून घ्या, कारण खाज म्हणजे फंगल असं समजून औषध घेणाऱ्या बऱ्याच जणींना प्रत्यक्षात दुसरंच काहीतरी असतं. माशासारखा वास आणि पातळ करडट-पांढरं जाणं हे जंतूंचं संतुलन बिघडल्याचं लक्षण, त्यावर फंगलचं क्रीम काही करत नाही.

एक फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. ठरावीक गोळी घेतल्यावर, पेनकिलर असेल, एखादं अँटिबायोटिक असेल, दरवेळी लिंगाच्या टोकावर किंवा ओठावर त्याच जागी गोल लाल-जांभळा डाग किंवा फोड येतो आणि जाताना काळपट डाग ठेवतो, ती औषधाची रिॲक्शन असते. माणूस याला लैंगिक आजार समजून वर्षभर मनात कुढत बसतो. त्रास सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत काय घेतलं ते लिहून ठेवायची सवय यासाठीच.

रात्री जास्त खाजतंय?

रात्री खाज वाढते, घरात अजून एकाला तरी खाजतंय, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीजवळ बारीक पुरळ आहे आणि लिंगावर किंवा अंडकोषावर खाजऱ्या गाठी आहेत, तर खरूज. पहिल्यांदा लागण झाल्यावर लक्षणं यायला २ ते ६ आठवडे जातात, त्या काळात ती घरभर फिरलेली असते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, एकाच दिवशी औषध लावायचं. औषध मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नुसतं खाजतंय तिथे नाही, आणि साधारण आठवड्याने परत एकदा. त्यानंतरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहते, ती औषध फुकट गेल्याची खूण नाही, पण नवीन पुरळ येत असेल तर परत दाखवा.

कुणाकडे जायचं आणि तिथे काय होतं

स्किनचे डॉक्टर हे या त्रासासाठी स्त्री-पुरुष दोघांनाही चालतात, गुप्तरोगही तेच बघतात. स्राव, पाळी, गरोदरपण याच्याशी संबंध असेल तर गायनॅक, कातडी अडकणं, लघवीचा त्रास असेल तर युरोलॉजिस्ट. कुणाकडे जावं कळत नसेल तर नेहमीच्या डॉक्टरकडे जा, ते पुढे पाठवतील, चुकीच्या खोलीत शिरलो तर काय, एवढ्यासाठी घरी बसू नका.

जायच्या आधी शक्यतो दोन दिवस कुठलंही क्रीम लावू नका आणि योनीत औषध ठेवू नका, त्याने टेस्ट बिघडतात. जाताना केस काढून, जोरात घासून 'चांगलं दिसावं' म्हणून तयारी करायची अजिबात गरज नाही, उलट डॉक्टरला खरं चित्र दिसायला हवं. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अर्धी संपलेलीसुद्धा. कागदावर लिहा, कधी सुरू झालं, काय नवीन वापरलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, शेवटची पाळी कधी, शेवटचा संबंध कधी, कंडोम होता का.

सांगायला शब्द सापडत नसतील तर असं सुरू करा, 'डॉक्टर, लघवीच्या जागी त्वचेचा त्रास आहे, इतक्या दिवसांपासून', पुढचं ते विचारतात. तेही जमत नसेल तर कागद समोर ठेवा, चालतं. ते संबंधांबद्दल विचारतील, किती जोडीदार, पुरुष की स्त्री, तोंडाने की मागून, कारण कुठून स्वॅब घ्यायचा ते त्यावरून ठरतं. लग्न झालेलं असो, नसो, वय साठ असो, खरं सांगा. तपासताना तुमच्या बाजूचं कुणी किंवा नर्स खोलीत असावी असं तुम्ही म्हणू शकता, नको असेल तर थांबवाही म्हणू शकता. तपासणी थोडा वेळच चालते, कधी कातडी हलकी खरवडून काचेवर घेतात, कधी कापसाच्या काडीने स्वॅब, कधी रक्त आणि लघवी. खरवडल्यावर थोडं चुरचुरतं, तेवढंच.

डॉक्टरने न बघता लांबूनच चिठ्ठी लिहून दिली तर नम्रपणे म्हणा, एकदा तपासून बघाल का. नाही म्हणाले तर दुसऱ्यांकडे जा.

मुलं आणि पाळी गेलेल्या बायका, या दोघांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं

बाळाला डायपरने लाल झालं तर डायपर वारंवार बदलणं, पाण्याने पुसणं, थोडा वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडचं जाड क्रीम, एवढ्याने दोन-तीन दिवसांत उतरायला हवं. कातडीच्या घडीतही लाल आहे आणि कडेने सुटे लाल ठिपके आहेत तर बुरशी असू शकते, मग डॉक्टर. फोड, पू, ताप असेल तर त्याच दिवशी. मुलाची पुढची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका, लहानपणी ती चिकटलेलीच असते आणि वयाप्रमाणे आपोआप सुटते. मुलीला खाली खाज असेल तर बबल बाथ, साबण, नीट न पुसणं आणि रात्री गुदाजवळ वळवळणारे जंत ही नेहमीची कारणं. मस्से, जखम, रक्त, स्राव दिसला किंवा मूल त्या भागाला हात लावू देत नसेल, अचानक गप्प झालं असेल, तर शांतपणे विचारा, ओरडू नका, आणि मुलांच्या डॉक्टरकडे न्या.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजन कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीची इन्फेक्शन वाढतात. बायका हे वयाचं म्हणून सहन करतात आणि वर्षानुवर्षं फंगलची क्रीम लावत बसतात, जी काहीच करत नाहीत. मॉइश्चरायझर आणि योनीत लावायचं इस्ट्रोजन याने चांगला फरक पडतो, ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे त्यांनी मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरशी बोलायचं. आणि पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवायचं, ते त्वचेतून आलंय असं स्वतः ठरवायचं नाही.

औषध सुरू झाल्यावर

खाज गेली म्हणून औषध बंद करू नका, गजकर्णात तर नाहीच, डॉक्टरने सांगितलेले दिवस पूर्ण करा. लैंगिक आजार निघाला तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार लागतात, नाहीतर तोच जंतू परत तुमच्याकडे येतो, आणि दोघांचं औषध पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध नकोत. सांगायला अवघड वाटत असेल तर डॉक्टरची मदत मागा, काही ठिकाणी तुमचं नाव न घेता कळवायची सोय असते. कॅन्डिडा झाला म्हणजे कुणी बाहेर गेलं असा अर्थ होत नाही, तो सहसा लैंगिक आजार धरत नाहीत, हे दोघांनीही ऐकून ठेवा, भांडणं वाचतील. औषधाने दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा लावल्यावर आग जास्त होतेय, तर डोस वाढवू नका, दुसरं क्रीम वर लावू नका, त्याच डॉक्टरकडे परत जा आणि स्वॅब, खरवड किंवा पॅच टेस्ट (त्वचेवरची ॲलर्जीची टेस्ट) करून घ्यायची का ते विचारा.